वेढ्यातली फुलवाली

पितृपक्षातल्या एका मंगळवारी सकाळी, नाशिकमध्ये, माझ्या वहिनींच्या स्वरयंत्रावरची गाठ काढण्यात आली. गाठ साधी निघाली. घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. पुढच्या तपासणीपर्यंत वहिनींनी एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. आणि आवाज परत येईल, पण कसा येईल ते आत्ता सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट डॉक्टरांनी आपणहून सांगितली नव्हती. माझ्या मोठ्या भावानं, दादानं, विचारली म्हणून सांगितली.

"बोलायचं राहू द्या, डॉक्टर," दादा म्हणाला होता. "वाचायला येईल ना तिला?"

"वाचायला काय हरकत आहे? डोळ्यांना काही झालेलं नाही."

"तसं नाही. मोठ्यानं. बायकांपुढं."

"शिक्षिका आहेत का?"

"नाही, झेंडूत असते," दादा म्हणाला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

दादाचा मखमलाबादच्या पुढे फुलांचा मळा आहे. बारा महिने गुलाब आणि शेवंती, दसरा-दिवाळीला झेंडू. सकाळी तोडलेली फुलं दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ओवली जातात आणि संध्याकाळी माळा बाजाराच्या गाडीत चढतात. ओवायला पाच-सहा बायका असतात. त्या गोल करून बसतात, मधे फुलांचा ढीग असतो आणि एका कडेला, टोमॅटोचं प्लास्टिकचं कॅरेट उलटं घालून, त्यावर वहिनी बसतात. त्या ओवत नाहीत. त्या ऐतिहासिक कादंबरी वाचतात.

शेडमध्ये याबद्दल एक रीत आहे. वाचणारीनं सुई हातात घ्यायची नाही. तिच्या वाट्याच्या माळा बाकीच्यांनी आपसात वाटून ओवायच्या. ही रीत कुणी घातली ते सांगता येत नाही. माझी आई ओवायला बसायची तेव्हापासून ती आहे, आणि तेव्हापासून वाचणारी एकच आहे.

वहिनींचं माहेर पंचवटीतलं. लग्न होऊन मळ्यावर आल्या तेव्हा त्यांच्या पेटीत साड्यांखाली दोन कादंबऱ्या होत्या. मी शहरातल्या एका दैनिकात उपसंपादक झालो, तेव्हा पुस्तकं पुरवण्याचं काम माझ्याकडे आलं. साप्ताहिक सुटीला मळ्यावर जाताना वाचनालयातून एक नवीन घ्यायची, आधीची परत न्यायची. वहिनींची अट एवढीच होती की त्यात गड असावा आणि ती जाड असावी. मी स्वतः त्या कादंबऱ्या वाचत नसे. ज्या घटनेचा एकही साक्षीदार हयात नाही तिच्यावर चारशे पानं कशी लिहितात, ते मला समजत नसे. निवृत्त झाल्यावर मी बहुतेक दुपारी मळ्यावर जाऊ लागलो, पण शेडमध्ये बसत नसे. दादाबरोबर ओट्यावर चहा घेत असे. आतून वहिनींचा आवाज येत असे आणि मधूनच बायकांचा एकदम हसण्याचा किंवा चुकचुकण्याचा.

शस्त्रक्रियेनंतर वहिनी घरी आल्या. चौथ्या की पाचव्या दुपारी त्या उठून शेडमध्ये गेल्या, कॅरेट बाजूला सारलं आणि बायकांच्या गोलात बसल्या. हाताच्या खुणेनं सुई मागितली.

"आली का खाली?" मावशी म्हणाली. मावशी म्हणजे सायखेड्याची. गोलात सगळ्यांत मोठी, आणि तिला सगळेच मावशी म्हणतात. "ये बाई. लय दिवस राजवाड्यात बसली."

वहिनींना ओवता येत नव्हतं. म्हणजे येत असणार, पण इतक्या वर्षांत हात विसरला होता. फुलाच्या देठाऐवजी त्या पाकळ्यांतून सुई घालत होत्या, झेंडू सुटत होता आणि दोऱ्यावर मोकळी जागा राहत होती. मावशीनं ती माळ उचलून सगळ्यांना दाखवली.

"ही देवीला चालायची नाय. पोळा गेला, नायतर बैलाला घातली आसती."

"बैलानं खाल्ली आसती मंग," हरसूलची म्हणाली. हरसूलकडची ही बाई दरवर्षी भाताची लावणी आटोपली की नवऱ्याबरोबर मळ्यावर येते आणि कापणीला परत जाते. ती कमी बोलते. ती बोलली की बाकीच्या आधी गप्प होतात आणि मग हसतात. वहिनीही हसल्या. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मावशीनं ते पाहिलं आणि माळ खाली ठेवली.

बायका खाली मान घालून ओवू लागल्या. पत्र्यावर कावळ्याची नखं वाजत होती तेवढीच.

थोड्या वेळानं मावशी बाहेर ओट्यावर आली. "पेपरवाले भाऊ," ती मला म्हणाली, "तुम्ही जन्मभर वाचायचाच पगार घेतला ना? मंग या आत."

मी कॅरेटवर बसलो. वाचनालयाचं पुस्तक वहिनींनी माझ्या हातात दिलं. खूण म्हणून त्यात गुलाबाची वाळलेली पाकळी होती. कादंबरी एका गडाच्या वेढ्याची होती. गडावरचं धान्य संपत आलेलं आहे, किल्लेदार झुकायला तयार नाही, खाली शत्रूच्या छावण्या पडल्या आहेत. वहिनींनी दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी वाचलेलं शेवटचं वाक्य मावशीला पाठ होतं. गडाचा खालचा दरवाजा बंद झाला.

मी तिथून पुढे सुरुवात केली. किल्लेदारानं सदरेवर मानकऱ्यांना बोलावलं. मसलत सुरू झाली. दोन पानं झाली. तीन झाली.

"आन ती बाई?" हरसूलची म्हणाली.

"कोणती बाई?"

"दरवाज्याभायेर ऱ्हायली ती."

मी मागची पानं चाळली. दरवाजा बंद झाला होता हे खरं. पहारेकऱ्यानं अडसर घातला होता. बाहेर कुणी राहिल्याचा उल्लेख नव्हता.

"फुलवाली हो," मावशी म्हणाली. "देवीच्या पूजेला फूल ऱ्हायलं नाय म्हणून खाली उतरली आन वरून दरवाजा लावून घेतला मेल्यांनी. तिचं वाचा. ते मसलत-बिसलत आम्हाला नको."

मी आणखी मागे गेलो. फुलवाली कुठेच नव्हती. मी वर पाहिलं. वहिनी मान खाली घालून, फार काळजीनं, एका झेंडूचं देठ शोधत होत्या.

"या पानांत ती नाही," मी म्हणालो. "पुढे येत असेल." आणि मसलत वाचत राहिलो. मी वाचतो तेव्हा बातमीपत्र चालल्यासारखं वाटतं, असं घरात आधीपासून म्हणतात. त्या दुपारी किल्लेदाराच्या भाषणाच्या मधोमध एक बाई सुईसकट पेंगली.

रात्री मी ती कादंबरी घरी नेली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढली. किल्लेदार होता, त्याची पत्नी होती, हेर होते, एक फितूर होता, घोड्यांचीही नावं होती. देवीची पूजा सात ठिकाणी होती. फुलवाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जायच्या आधी मी वहिनींना स्वयंपाकघरात गाठलं. त्या चहा ठेवत होत्या. बातमीला दुजोरा घेताना विचारतात तसे, हो किंवा नाही एवढंच उत्तर लागेल असे प्रश्न मी विचारले.

"फुलवाली दुसऱ्या एखाद्या पुस्तकातली आहे का?"

वहिनींनी मान हलवली. नाही.

"मग या पुस्तकात मला दिसली नाही का?"

नाही.

"मग आहे कुठे?"

हा प्रश्न हो-नाहीचा नव्हता, माझी चूक झाली. वहिनींनी गॅस बारीक केला, पदराला हात पुसले, माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि पाकळीचं पान उघडलं. दरवाजा बंद होतो तो परिच्छेद आणि किल्लेदार सदरेवर येतो तो परिच्छेद, यांच्यामध्ये एक ओळ कोरी सोडलेली होती. त्या कोऱ्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं.

"याच पुस्तकात, की आधीच्याही?"

त्यांनी हाताचा पंजा मागच्या बाजूला उडवला. कितीतरी आधीपासून, असा त्याचा अर्थ मी घेतला. मग त्यांनी चहात दूध घातलं.

वाचनालयातून आणलेल्या सगळ्या कादंबऱ्या मी स्वतः त्या मळ्यावर पोचवल्या होत्या. त्यातल्या प्रत्येक गडावर एक बाई फुलं घेऊन चढत-उतरत होती आणि ती एकाही लेखकानं लिहिलेली नव्हती. ओट्यावर चहा पिताना मी हे दादाला सांगितलं. तो फवारणीच्या पंपाचं नोझल साफ करत होता. त्यानं नोझल डोळ्यासमोर धरून त्यातून उजेडाकडे पाहिलं.

"तुला आज कळलं?" तो म्हणाला.

"तू तर ऐकत नाहीस म्हणतोस."

"ऐकत नाही. कानावर पडतं." त्यानं नोझल फुंकलं. "नवीन होती तेव्हा पुस्तक संपलं की दोन-दोन दिवस तोंड पाडून बसायची. मी म्हणायचो, काय झालं? तर म्हणायची, काही नाही, तिकडून इकडं यायला वेळ लागतो. तिकडं हत्ती-घोडे, इकडं मी आणि खुरपं. मला राग यायचा. मग एका वर्षी ही बाई आली पुस्तकात. त्यानंतर पुस्तक संपलं की ती सरळ उठते आणि भाकऱ्या टाकते. का ते मी विचारलं नाही. चालू होतं, कशाला विचारायचं?"

त्यानं पंप जोडला. थोड्या वेळानं, काही न विचारता, म्हणाला, "घरात इतकी शांतता लग्नाआधी होती. तेव्हा बरी वाटायची."

त्या दुपारी मी मसलत वाचायला घेतली तशी मावशीनं हात वर केला.

"भाऊ, ती पुस्तकात नाय, हे आम्हाला ठाऊक हाय."

मी वहिनींकडे पाहिलं. वहिनी मावशीकडे पाहत होत्या. सुई हवेतच राहिली होती.

"अगं, एवढी पुस्तकं झाली," मावशी वहिनींना म्हणाली. "दर गडावर एकच बाई, तिचे तेच दुखरे गुडघे, तीच तिची खाष्ट सासू. आम्ही काय येड्या हाय का? तुझी सासू आम्ही पाह्यलेली हाय." गोलात हसू फुटलं. ती सासू म्हणजे माझी आई, त्यामुळे मी हसलो नाही, पण वर्णन बरोबर असणार. "पुस्तकात नसंल तर नसंल. आता ती दरवाज्याभायेर हाय, खाली दुश्मन हाय, आन ही मुकी झालीय. तुम्ही मधे पडा. तिला विचारा आन आम्हाला सांगा."

माझ्या कामात कुठल्याही बातमीला दोन सूत्रं लागत. इथे एकच होतं आणि ते बोलू शकत नव्हतं. तरी त्या दिवसापासून मी रोज चहाच्या वेळी स्वयंपाकघरात माहिती घेत असे आणि शेडमध्ये येऊन सांगत असे.

पहिल्या दिवशीचं माझं निवेदन असं होतं: फुलवाली जिवंत आहे. ती गडाखालच्या ओढ्याजवळ, कपारीत आहे. शत्रूच्या कुणीही तिला पाहिलेलं नाही.

"एवढंच?" मावशी म्हणाली.

"एवढ्यालाच दुजोरा मिळाला आहे."

"खाल्लं काय तिनं?" हरसूलचीनं विचारलं.

हे मी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारलं. भाकरी होती? नाही. फळं? वहिनी विचारात पडल्या. त्यांना ते ठरवता येत नव्हतं असं दिसलं. मी तसं शेडमध्ये सांगितलं. हरसूलची म्हणाली, "कंद आसतील की पावसाळ्याचे. पण उकडाया लागतात. जाळ केला तं धूर दिसंल." सगळ्या वहिनींकडे वळल्या. वहिनींनी डोळे मोठे केले, मग जोरात मान डोलावली. त्या दिवसापासून फुलवाली उपाशी राहिली, आणि बायका दुपारी डबे उघडताना तिच्यावर चुकचुकू लागल्या.

नवरात्र बसलं. झेंडूचे ढीग मोठे झाले, वणीच्या व्यापाऱ्याची गाडी रोज येऊ लागली. वणीच्या देवीच्या गडावर पायी जाणारे लोक रस्त्यानं दिसत होते. वहिनींच्या माळा सुधारल्या होत्या, पण वेग नव्हता. मावशी त्यांना म्हणाली, "तू वाचायलाच बरी. हितं तुझ्यामुळं आमचंच काम वाढलंय." वहिनींनी तिला झेंडू फेकून मारला. तो माझ्या चष्म्याला लागला.

मधे एकदा मी कॅरेटवर बसलो असताना वहिनी ओवता ओवता थांबल्या आणि गळ्याला हात लावून बसल्या. तपासणी दोन दिवसांवर आली होती. हरसूलचीनं त्यांच्या पुढ्यातली अर्धी फुलं हळूच आपल्याकडे ओढली.

तपासणीला दादा आणि मी दोघंही गेलो. डॉक्टरांनी आत कॅमेरा घालून पाहिलं आणि सांगितलं की जखम भरली आहे. आवाज थोडा घोगरा राहील, पूर्वीसारखा होणार नाही. हळूहळू बोलायला सुरुवात करावी. वाचायचं असेल तर रोज थोडंच, आणि घसा दुखला की थांबायचं.

"बोला बघू काहीतरी," डॉक्टर म्हणाले.

वहिनी आमच्याकडे पाहत राहिल्या. त्या तिथे बोलल्या नाहीत. परत येताना रिक्षातही बोलल्या नाहीत. दादानं मखमलाबाद नाक्यावर रिक्षा थांबवून चहा सांगितला. वहिनींनी एक घोट घेतला.

"साखर कमी आहे," त्या म्हणाल्या.

आवाज जाड होता, कुणा दुसऱ्याचा वाटावा असा. दादानं टपरीवाल्याला हाक मारून साखर मागितली. मग रुमाल काढून नाक शिंकरलं आणि रस्त्यावर धूळ फार आहे असं म्हणाला.

मळ्यावर पोचल्यावर दादा पंपाकडे गेला. मी वहिनींना, त्यांचा घसा सांभाळून, दोनच प्रश्न विचारायचे ठरवलं होतं.

"ती फुलवाली का घातलीत?"

"प्रत्येक पुस्तकात लिहिलंय, देवीला फुलं वाहिली." त्या थांबत थांबत बोलत होत्या. "एवढा उंच गड. फुलं आणली कुणी? मी शोधायची, भाऊजी. कुणी लिहिलंच नव्हतं. मग घातली."

"पण दरवेळी तीच बाई का?"

"दुसरी कुणाला ओळखते मी?" त्या म्हणाल्या. मग, मी निघालो असताना, मागून: "पूर्वी वाटायचं, आपण त्या काळात असायला हवं होतं. आता नाही वाटत. आपल्याशिवाय त्यांचंही चाललं नसतं."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या मळ्यांतल्याही बायका आल्या होत्या. मी कॅरेटवरून उठलो आणि वहिनी बसल्या. पुस्तकातली पाकळी कधीच चुरली होती, पण त्यांना पान शोधावं लागलं नाही.

पहिलं वाक्य ऐकल्यावर मावशी म्हणाली, "अगं, तुझा आवाज तर किल्लेदाराचा झाला."

"मग किल्लेदाराचंच वाचते," वहिनी म्हणाल्या.

"तेवढंच वाचून तर बघ, आजची गाडी भरू देणार नाय."

त्या दिवशी दादा पंप न घेता आला आणि दाराशी उभा राहिला. वहिनींनी मसलत ओलांडली, फितुराला ओलांडलं. मधे दोनदा पाणी प्यायल्या. किल्लेदारानं अखेर तह केला आणि तहाप्रमाणे खालचा दरवाजा उघडला. निशाण उतरलं. शिबंदी, मानकरी, बायका-मुलं, घोडे, सगळे एका ओळीनं बाहेर पडू लागले. शत्रूचे शिपाई दोन्ही बाजूंनी उभे होते.

आणि त्या गर्दीतून, वहिनींनी वाचलं, एक बाई उलट्या दिशेनं वर चढत होती. तिच्या टोपलीत कड्यावरची पिवळी सोनकी होती. एका शिपायानं तिला अडवलं आणि विचारलं की सगळे खाली चालले असता तू वर कुठे जातेस. ती म्हणाली, पूजा राहिलीय. त्यानं तिला जाऊ दिलं.

"जेवली का पण?" हरसूलचीनं विचारलं.

वहिनींनी पुस्तकात पाहिलं. "पूजा झाल्यावर," त्या म्हणाल्या. "नैवेद्य होता."

मी नंतर ते पान पाहिलं. त्यात किल्लेदार पायऱ्या उतरतो, एकदा मागे वळून पाहतो आणि प्रकरण संपतं. खाली अर्धं पान कोरं आहे.

संध्याकाळी वणीची गाडी भरून गेली. वहिनींच्या वाट्याच्या माळा बाकीच्यांनी ओवल्या.